तीन ब्लेडांचं माप

पाय जपून टाका. उंबऱ्याच्या आत अजून बोटभर गाळ आहे, आणि त्याखालची फरशी शाबूत आहे की खचलेली, ते पाय ठेवल्यावरच कळतं. साल 1961, महिना जुलै, गाव पुणे, कसबा पेठेचा नदीकडचा उतार. 12 तारखेला पानशेत फुटलं, त्याच दुपारी खडकवासलाही गेलं आणि शहराचं पिण्याचं पाणी, वीज, सगळंच बंद पडलं. त्याला आता आठवडा झालाय. भिंतीवर पाणी चढल्याची तपकिरी रेघ तुमच्या डोक्याच्या हातभर वर आहे. बाहेर लोक ओलं धान्य, गाद्या, वह्या उपसून रस्त्यावर टाकतायत. त्या ढिगांचा आंबूस वास गल्लीभर पसरलाय आणि त्यात फिनेल मिसळलंय.

वाड्याच्या मागच्या पडवीत मात्र फक्त रॉकेलचा वास आहे.

"बत्ती धरा जरा. अशी नाही, खालून."

मिस्त्री तुमच्याकडे वळूनही बघत नाहीत. तुम्ही कोण, कुठून आलात, अंगावर हे असले कपडे कसे, काही विचारत नाहीत. पूर आल्यापासून कोण कुणाच्या घरात राहतंय, याचा हिशोब पेठेत कुणी ठेवलेला नाही. मिस्त्री खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर आहेत. पाळी संपली की सायकलवरून घरी यायचं, चहा घ्यायचा आणि पडवीत शिरायचं, हा त्यांचा नेम. पडवीत एक लेथ, एक व्हाइस, लहानशी भट्टी आणि भिंतीला ठोकलेल्या फळीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं. फळी राहिली, हत्यारं वाहिली किंवा गाळात गेली. त्यांतली जी सापडली ती गोणपाटावर मांडून ठेवलीत. कानशी, टॅप, रीमर, पाने, सगळ्यांवर गंजाची नारिंगी साय.

म्हणून मोटरसायकलला हात लावायच्या आधी हत्यारांची दुरुस्ती. चिनी मातीच्या दोन बरण्या बाजूला आहेत. लोणचं पुरात गेलं, बरण्या वाचल्या. त्यांत चिंचेचा दाट कोळ आणि कोळात बुडवलेले टॅप आणि रीमर. ही युक्ती पलीकडच्या तांबट आळीतली. तांबट लोक भांडी उजळायला चिंच वापरतात. लोखंडावरचा गंजही ती खाते, फक्त वेळ लावते. रात्रभर ठेवून सकाळी काढायचं, चुन्याच्या निवळीत बुचकळून आंबटपणा मारायचा, लगेच पुसून तेल लावायचं. घाई केली नाही तर टॅपची धार शाबूत राहते. काचकागद मारला असता तर गंजाबरोबर धारही गेली असती. कानशींना मात्र तारेचा ब्रश, तोही दातांच्या दिशेनेच. मग वरून खडू घासायचा, म्हणजे कापलेला धातू दातांत अडकून बसत नाही.

एकच हत्यार कोरडं राहिलं. पाणी आल्याची ओरड झाली तेव्हा मिस्त्रींनी मायक्रोमीटर उचलला, जिना चढले आणि बायकोच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत खुपसला. शेफील्डच्या मूर अँड राइटचा, युद्ध संपल्यानंतर लिलावात घेतलेला. "मी दागिने घेऊन माळ्यावर आणि हे त्या चापाला कवटाळून," असं आतून वहिनींचं म्हणणं ऐकू येतं. मिस्त्री ऐकत नाहीत.

आता बत्ती उजवीकडे न्या. ती बघा.

बीएसए एम-20. गाळानं इतकी माखलीय की टाकी कुठं संपते आणि इंजिन कुठं सुरू होतं ते शोधावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. 496 सीसीचं एकच सिलिंडर, व्हॉल्व्ह बाजूला, ताकद जेमतेम तेरा घोड्यांची, पुढं गर्डर फोर्क, मागं स्प्रिंगच नाही. जी काही स्प्रिंग आहे ती सीटखाली. धावायला संथ आणि मरायला त्याहून संथ, म्हणून निरोप पोचवणाऱ्या जवानांना ती दिली जायची. युद्धानंतर फौजेनं मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात गेल्या आणि त्यांतली ही एक इथवर आली. ज्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यात ही बनली त्यावर 1940च्या नोव्हेंबरात बॉम्ब पडले होते आणि 53 कामगार गेले होते. ढिगाऱ्यातून यंत्रं उकरून काढून तिथं पुन्हा काम सुरू झालं. मिस्त्रींना हे ठाऊक असायचं कारण नाही. तुम्हाला आहे, पण सांगू नका. हातात बत्ती असताना बोललं की प्रकाश हलतो.

गाडीचे मालक पायरीवर बसलेत. विमा एजंट. सासवडपासून मुळशीपर्यंत याच गाडीवर फिरून लोकांच्या आयुष्याचे विमे उतरवतात. गाडीचा राहून गेला.

"साहेब, पाणी उतरल्यावर किक मारली होती का?"

"दोनदाच."

"मग दोनदाच वाट लावली."

गाळात बुडालेल्या इंजिनाचा पहिला नियम हाच, की ते फिरवायचं नाही. नदीच्या गाळात बारीक वाळू असते. ती पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये सापडली की प्रत्येक किकला आतून ओरखडा. मिस्त्री इंजिनाच्या बुडाचा नट सोडतात. आधी पाणी येतं, मग पाण्यासारखा चहाच्या रंगाचा गाळ, आणि सगळ्यात शेवटी काळं तेल, कारण तेल वर तरंगतं. तेलाची बोटभर धार सुरू झाली तशी ते ती चिमटीत घेऊन चोळतात. कण लागतात. म्हणजे क्रँककेस दुभागल्याशिवाय सुटका नाही.

या जातीच्या इंजिनाचं हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट काढले, लाकडी हातोडीनं दोन टिचक्या मारल्या की वर येतं. बोल्टांपैकी एक मात्र मधेच रुततो. मिस्त्री तो काढतात, शेजारचा चांगला बोल्ट घेतात आणि दोन्ही बोल्ट आट्यांत आटे बसवून तुमच्या बत्तीसमोर धरतात. बसत नाहीत, मधून उजेड दिसतो. आता तुम्ही कशासाठी उभे आहात ते कळलं ना? इंग्रजांच्या मोटरसायकलींत हा गोंधळ कायमचा. पाच-सोळांश इंच जाडीचाच बोल्ट घ्या. सायकलच्या आट्याचा असेल तर इंचात 26 आटे, बारीक बीएसएफ असेल तर 22, जुना व्हिटवर्थ असेल तर 18. वरून बघायला तिन्ही सारखे. चुकीचा बोल्टही दोन फेरे निमूट जातो, तिसऱ्याला अडतो. तिथं शहाणा माणूस थांबतो. आधीच्या कुणी मेकॅनिकनं थांबायच्या ऐवजी पान्याला पाइप लावला होता.

"हाताला जोर होता त्याच्या," मिस्त्री म्हणतात. यापेक्षा वाईट शिवी ते देत नाहीत.

पिस्टन जागेवरच गंजून बसलाय. वरून रॉकेल आणि तेल ओतून रात्रभर ठेवलेलं, तरी हलत नाही. मग लाकडाचा गोल ठोकळा पिस्टनवर, त्यावर हातोडी, एका जागी नाही तर कडेकडेनं फिरत. बराच वेळ काहीच होत नाही. मग ठोक्याचा आवाज बदलतो. तुम्हाला तो बदल ऐकू येत नाही. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवल्यावर कळतं की काम झालं.

सिलिंडर निघाला. बिडाचा, आतून गंजाच्या रेघा आणि किकचे दोन ओरखडे. पण मिस्त्री ओरखड्यांकडे बघत नाहीत. ते करंगळीचं नख सिलिंडरच्या वरच्या काठावरून खाली सरकवतात. "घ्या, तुम्हीही बघा." तुमचं नख वरच्या अर्ध्या सुताच्या पट्ट्यावरून घसरतं आणि एका बारीक पायरीवर अडकतं. पायरीच्या वर पिस्टनची रिंग कधी पोचलीच नाही. म्हणजे तेवढा काठ अजून बर्मिंगहॅमला कापला तसाच आहे. मिस्त्री आतला कॅलिपर काठाला अलगद लावतात आणि तेच अंतर मायक्रोमीटरवर घेतात. तीन इंच आणि 228 थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बरोबर 82 मिलिमीटर. गंमत अशी की गाडीचे सगळे बोल्ट इंचात आणि सिलिंडरचं माप मिलिमीटरमध्ये, आणि इंग्रजांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तोच कॅलिपर पायरीच्या खाली, जिथं झीज सर्वांत जास्त, तिथं लावला की 240. बारा थाऊ झिजलाय.

इथं जरा थांबा, कारण या पडवीतली खरी विद्या ही आहे. मिस्त्रींकडे या गाडीचं पुस्तक नाही, नकाशा नाही. 1957 नंतर परकीय चलनाची टंचाई अशी आहे की विलायतेहून सुटे भाग मागवायचे म्हणजे परवाना, अर्ज आणि वाट बघणं. तेव्हा मूळ माप कुठून आणायचं? झिजलेल्या भागातूनच. जिथं घर्षण पोचलं नाही अशी एखादी जागा प्रत्येक भागात उरलेली असते. रिंगच्या वरचा काठ, बुशच्या मागचा कनरॉडचा डोळा, वॉशरखाली झाकलेली शाफ्टची कड. ती सापडली की कारखान्याचा नकाशा सापडला. तुमच्या काळात लोक याच गाडीचे भाग इंग्लंडहून घरपोच मागवतील, क्रोम चढवतील, मूळ रंगाची छटा कुठली यावरून वाद घालतील. घालू देत. मला विचाराल तर चकाकणाऱ्या गाडीपेक्षा तिच्या मालकाला हे नख सरकवणं जमतं का, हे मी आधी बघेन.

मालक विचारतात, "म्हणजे पुरानंच एवढं झालं?"

"पुरानं दोन ओरखडे आणले. बाकी सगळं तुमचंच, दहा वर्षांचं. पुरानं उघडं पाडलं इतकंच."

सिलिंडर नाना पेठेत बोअरिंगला जाणार. पूर्वेकडं पाणी पोचलं नव्हतं. वीस थाऊ मोठा बोअर, म्हणजे पिस्टनही वीस थाऊ मोठा हवा. तो जुन्या बाजारात शोधायचं काम मालकांच्या गळ्यात. तोवर इथं बुश करायचा. कनरॉडच्या वरच्या डोळ्यात, जिथून गजन पिन जाते, तिथला बुश अंडाकृती झालाय. पिन घालून हलवली तर टकटक वाजते.

जुना बुश ठोकून काढायचा नाही. एक लांब बोल्ट, एका बाजूला बुशापेक्षा मोठी नळी, दुसऱ्या बाजूला बुशापेक्षा लहान वॉशर. नट आवळत गेलं की बुश नळीत सरकत येतो आणि कनरॉडला धक्का बसत नाही. मिस्त्री डोळ्याचं माप घेतात, गनमेटलचा दांडा काढतात आणि लेथकडे वळतात. वीज नाही, पण या लेथला कधीच वीज लागली नाही. खाली शिवणयंत्रासारखं पायडल आणि मागं जड चाक आहे. कारखान्याची पितळी पाटी हात लागून लागून इतकी गुळगुळीत झालीय की नाव वाचता येत नाही.

"मारा पायडल. बत्ती वहिनी धरतील."

तुम्ही पाय ठेवता. पहिल्यांदा चाक उलटं फिरतं. दुसऱ्यांदा अर्धवट जाऊन परत येतं. मग तुम्हाला कळतं की पाय दाबायचा तो चाक माथ्यावरून पुढं झुकलं की, आधी नाही. एकदा लय सापडली की पोटऱ्या भरून येईपर्यंत विचार करावा लागत नाही. दांडा धरणाऱ्या चकाला चार जबडे आहेत आणि चारही स्वतंत्र सरकतात. दांडा मधोमध बसवायला मिस्त्री फिरत्या दांड्याजवळ खडू नेतात. खडू एकाच बाजूला लागतो. थांबा. जिथं खूण आली तो जबडा आवळायचा, समोरचा सैल करायचा. पुन्हा पायडल. आता खूण लांब झाली. पुन्हा. शेवटी खडू सगळीकडून सारखा लागतो आणि दांडा फिरतोय की स्थिर आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही.

हत्याराचं टोक धातूला टेकतं. पोलादाची कात लांब, वळणदार निघते. गनमेटलची तुटक, दाणेदार. ती तुमच्या मनगटावर उडते आणि चटका देते. मिस्त्री दर फेरीला थांबून मोजतात. शेवटच्या दोन फेऱ्या इतक्या हलक्या की कात नाही, नुसती सोनेरी पूड. बाहेरचं माप डोळ्यापेक्षा दोन थाऊ जास्त ठेवलंय, म्हणजे दाबून बसवल्यावर बुश जागचा हलणार नाही. आतलं भोक मात्र मुद्दाम लहान. दाबताना बुश आत आवळला जातो, तेव्हा भोक शेवटी, बसवल्यानंतरच मापाला आणायचं. बुश करताना नवशिके इथंच फसतात. लेथवर भोक अचूक करतात आणि दाबल्यावर पिन शिरतच नाही.

आता काळाला अजून थोडा धक्का देऊ. पाच दिवस पुढं. गाळ सुकून भुकटी झालाय, पण गल्लीत वीज अजून आलेली नाही. क्रँककेसचे दोन्ही अर्धे रॉकेलनं धुऊन पालथे घातलेत. खालचं रोलर बेअरिंग मिस्त्रींनी इतक्या वेळा धुतलंय की वहिनींनी स्टोव्हचं रॉकेल लपवून ठेवलंय. बोअर करून आलेला सिलिंडर आतून आरशासारखा नाही. बारीक तिरक्या रेघांची जाळी आहे, त्यात तेल धरून राहतं. मालक जुन्या बाजारातून मेणकागदात गुंडाळलेला पिस्टन घेऊन आलेत, फौजेच्या शिक्क्यासकट. बरोबर नवी पिन. मिस्त्री बुशात रीमर घालतात आणि फक्त पुढं फिरवतात. मागं फिरवला की धार मरते आणि भोकात चरे पडतात. थोडं कापलं, पिन लावून बघितली, पुन्हा थोडं. शेवटी तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबानं गुपचूप आत सरकते आणि कनरॉड आडवा हलवला तर टकटक नाही.

आता रिंगा. रिंग सिलिंडरमध्ये एकटीच बसवायची, पिस्टननं ढकलून सरळ करायची आणि तिच्या दोन टोकांमध्ये फट किती उरते ते बघायचं. फट नसेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतील आणि रिंग मोडेल. या मापाच्या सिलिंडरला बारा-तेरा थाऊ फट हवी. ती मोजायची पात्यांची गेज पुरात गेली. मिस्त्री खिशातून दाढीच्या ब्लेडचं पाकीट काढतात. एक ब्लेड चार थाऊ जाड असतं. तीन ब्लेडं एकावर एक, बारा. तिन्ही एकदम फटीत शिरली पाहिजेत आणि चौथं अडलं पाहिजे. पहिल्या रिंगेत दोनच शिरतात. व्हाइसमध्ये बारीक कानस उभी धरून रिंगेचं टोक तिच्यावर एकदा, दोनदा ओढलं, पुन्हा लावलं. तिसरं ब्लेड गेलं.

हीच तीन ब्लेडं थोड्या वेळानं पुन्हा लागतील, कारण ल्यूकासच्या मॅग्नेटोचे पॉइंटही बाराच थाऊ उघडायला हवेत.

मॅग्नेटोची कथा निराळी. त्याच्या आर्मेचरवरच्या तारांना लाखेचा लेप असतो, आणि त्या काळात जगाला लाख पुरवणारा मुख्य देश आपलाच. म्हणजे इथून गेलेली लाख बर्मिंगहॅमला तारांवर चढली आणि गाडीबरोबर परत आली. लाखेला पाणी फार काळ सोसत नाही आणि उष्णता तर मुळीच नाही. जास्त तापवलं की ती वितळून बाहेर येते आणि आर्मेचर जागच्या जागी चिकटतं. मिस्त्रींनी पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू भरून, आर्मेचर फडक्यात गुंडाळून त्यात पुरलं आणि डबा चुलीच्या वैलावर ठेवला. जाळ नाही, नुसती ऊब. तीन दिवस. त्याआधी मॅग्नेटोतून आर्मेचर बाहेर काढलं त्याच क्षणी चुंबकाच्या दोन टोकांवर नरम लोखंडाची पट्टी आडवी टाकली होती, नाहीतर चुंबकाचा जोर कमी होतो.

प्लग सिलिंडरच्या पात्यांना टेकवून मिस्त्री गिअर हातानं फिरवतात. बत्ती बाजूला घ्या. उजेडात ठिणगी दिसत नाही.

दिसली? निळी, जाड. पिवळी आणि बारीक असती तर पुन्हा वैलावर.

बाकीचं भराभर होतं. टाकीची गळती तांबट आळीत डाक लावून बंद झाली; त्याआधी टाकी पाण्यानं काठोकाठ भरली होती, कारण रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ डाकाच्या जाळानं पेटते. एक केबल बुलेटची लावलीय. मालकांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत. मिस्त्रींच्या लेखी गाडीनं घाट चढला की ती मूळच्यासारखी झाली.

"मारा किक. या वेळी मारा."

चौथ्या किकला ती पकडते. आवाज धिमा, मोजता येईल असा. मालक टाळ्या वाजवतात, गल्लीतली पोरं जमतात. मिस्त्री मात्र तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावतात. या इंजिनात तेल खाली गोळा होतं आणि पंप ते परत टाकीत पाठवतो. परतीची नळी झाकणाखालीच दिसते. तिथून तेल यायला हवं. येत नसेल तर लगेच बंद, नाहीतर आठवड्याची मेहनत पाच मिनिटांत जळेल. तुम्हीही बत्ती धरून वाकता. आधी बुडबुडे, मग थेंब, मग हिरवट-काळी पिचकारी, थांबत-थांबत.

"पाचशे मैल तीसच्या वर न्यायची नाही," मिस्त्री झाकण लावतात. "आणि घाटात अर्ध्यावर थांबून निवू द्यायची."

"किती झाले?"

"बोअरिंगचे तुम्ही परस्पर दिलेत. पिस्टनही तुमचाच. माझे चाळीस."

एजंट पाकिटात बघतात, मग मिस्त्रींकडे. "मिस्त्री, वीस आत्ता घ्या आणि विसाची एक छोटी पॉलिसी काढतो तुमच्या नावानं. पहिला हप्ता माझ्याकडून. पूर काय सांगून येतो?"

"पॉलिसीचे पैसे मी मेल्यावर हिला मिळणार," मिस्त्री हात पुसत म्हणतात. "मला रविवारी जुन्या बाजारात कानशी घ्यायच्यात. चाळीस मोजा."